वासाचं सूनबाई सांगेल

तात्यांच्या वाइनच्या दुकानात कुणी पहिल्यांदा आलं, की जुनी गिऱ्हाइकं त्याला सांगायची, "लेबल वाचत बसू नका, तात्यांच्या नाकाकडे बघा." तात्यांनी ग्लासात नाक घातलं आणि नाकपुड्या जराशा फुलल्या, की ती बाटली डोळे झाकून घ्यायची. भुवई वर चढली, तर गुपचूप ठेवून द्यायची. नाक काही देखणं नव्हतं, मधोमध चांगलंच वाकडं होतं. पण त्याच नाकावर तात्यांनी दुकान उभं केलं, घर चालवलं, मुलाला शिकवलं. सासूबाई म्हणायच्या, "लोक हातावर पोट भरतात, आम्ही नाकावर भरतो."

सून दुकानात आली ती बँकेतली नोकरी सोडून. बँकेनं तिची शाखा बंद केली आणि तिला लांबच्या गावी पाठवायचं ठरवलं, तेव्हा तिनं सरळ राजीनामा दिला. दुसरी नोकरी मिळेपर्यंत घरी बसण्यापेक्षा सासऱ्यांना हातभार लावावा म्हणून ती गल्ल्यावर बसली आणि मग तिथलीच झाली. दोघांचं जमायचं. तात्या शिकवायचे आणि तिला शिकायला आवडायचं. वाइनमधलं आपल्याला फार कळतं असं तिला स्वतःला कधी वाटलं नाही. आवडायची, एवढंच.

एका थंडीत तात्यांना ताप आला. पंधरवडाभर अंथरुणात होते. उठल्यावर दुकानात यायला लागले, तसं हळूहळू दुकान बदलत गेलं. दाराजवळच्या फळ्यांवर हलक्या पांढऱ्या आणि गुलाबी वाइन असायच्या. त्या संपल्या, पण तात्यांनी नव्या मागवल्याच नाहीत. त्यांच्या जागी इटलीच्या जाड काचेच्या, रुंद खांद्यांच्या बाटल्या येऊन बसल्या. बारोलो, ब्रुनेल्लो, अमारोने. सगळ्या लाल, सगळ्या महाग, सगळ्या अंगापिंडानं भरलेल्या. उन्हाळ्यात लोक थंडगार पांढरी वाइन मागायला यायचे आणि रिकाम्या हातानं परत जायचे.

"तात्या, निदान दोन-चार हलक्या तरी ठेवू या," सून म्हणाली.

"वय झालं की माणसाला हलकं काही रुचत नाही," तात्या म्हणाले आणि दुसऱ्या खोलीत निघून गेले.

घरीही काहीतरी बिनसलं होतं. तात्या जेवायला बसले की आधी मिठाकडे हात जायचा. सूप अळणी, भाजी मिळमिळीत, माशाला चव नाही. सासूबाईंनी आयुष्यभर स्वयंपाकाची वाहवाच ऐकलेली. त्या आधी रागावल्या, मग गप्प गप्प राहायला लागल्या. एकदा सुनेला हळूच म्हणाल्या, "माझ्या हाताची चवच गेली वाटतं गं." सुनेला तर सगळं नेहमीसारखंच चविष्ट लागत होतं. तसं तिनं सांगितलंही, पण सासूबाईंना वाटलं, सून आपलं मन राखतेय.

आणि मग तो शुक्रवार आला.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत तात्या वाइन चाखण्याची बैठक घ्यायचे. लांबलचक टेबल, त्यावर पांढरा कागद अंथरलेला, म्हणजे वाइनचा रंग नीट दिसावा. प्रत्येकापुढे दोन ग्लास, मधे पाव आणि पाण्याचे जग. दहा-बारा माणसं जमायची. त्यांच्यात दातांचे डॉक्टर होते. त्यांना प्रत्येक वाइनबद्दल बोलायचं असायचं आणि ते तात्यांच्या आधी बोलायला बघायचे. वकीलबाई होत्या. त्या कोर्टात काय बोलायच्या ते त्यांच्या अशिलांना ठाऊक, इथं मात्र ऐकायला यायच्या. आणि या खेपेला एक नव्या बाई आल्या होत्या, शाळेत मुख्याध्यापिका. त्यांनी आयुष्यात महागडी वाइन कधी प्यायली नव्हती. मैत्रिणींनी वाढदिवसाला ही संध्याकाळ भेट दिली होती म्हणून त्या आल्या होत्या आणि खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या.

पहिली ब्रुनेल्लो झाली. ती छानच होती. सगळे जरा सैलावले. मग तात्यांनी काचेचा मोठा चंबू पुढे आणला. त्यात त्यांनी दुपारीच एक बारोलो ओतून ठेवली होती, हवा लागून मोकळी व्हावी म्हणून. त्या संध्याकाळची ती मुख्य वाइन होती. चांगली जुनी, मुरलेली. लोक खरं तर तिच्यासाठीच आले होते. तशीच दुसरी बाटली शेजारी न उघडता उभी होती.

"हिचा रंग बघा," तात्या म्हणाले. "फिका आहे. विटकरीकडे झुकलेला. रंगावरून वाटेल, ही नाजूक असेल. तिथंच माणूस फसतो. तोंडात घेतली की कळतं, पोर कुणाची आहे." लोक हसले. तात्यांनी ग्लास फिरवला, डोळे मिटले, नाक आत घातलं. नाकपुड्या फुलल्या. "सुकलेले गुलाब," ते म्हणाले. "थोडं डांबर. चेरी, पण पिकून सुकलेली."

"गुलाब! अगदी गुलाब!" दातांचे डॉक्टर म्हणाले. त्यांचं नाक अजून ग्लासात पोचायचं होतं.

सुनेनं कोपऱ्यात उभं राहून स्वतःच्या ग्लासात घोटभर घेतली आणि वास घेतला. तिला गुलाब लागला नाही. तिला लागला तो ओल्या पुठ्ठ्याचा वास. तळघरात पाणी शिरल्यावर खोक्यांना येतो तसा. तिनं ग्लास बाजूला ठेवला, पावाचा तुकडा खाल्ला, परत वास घेतला. पुठ्ठाच. बुचाला एक प्रकारचा रोग लागला की वाइनला असा वास लागतो, हे तिला तात्यांनीच शिकवलं होतं. प्यायल्यानं बाधत काही नाही, पण वाइन मरते. फळ जातं, फूल जातं, उरतं ते ओलं खोकं.

पण तात्या म्हणताहेत गुलाब. टेबलाभोवती माना हलताहेत. सुनेला वाटलं, आपलंच काहीतरी चुकत असेल. आज गर्दीत कुणाची ओली छत्री असेल, फरशी पुसलीय, त्याचा असेल. तिनं वकीलबाईंकडे पाहिलं. वकीलबाई ग्लासाकडे बघत होत्या आणि त्यांनी तो टेबलावर ठेवून दिला होता. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मला तर कसला चांगला वास येतच नाहीये. आमचं नाकच तयार नसेल."

"येईल, येईल," तात्या मायेनं म्हणाले. "सवयीचा भाग आहे."

बाई ओशाळून हसल्या आणि त्यांनी ग्लास परत नाकाशी नेला. सुनेला ते बघवेना. या बाई आता घरी जाणार आणि जन्मभर समजणार की बारोलो म्हणजे हे, आणि आवडली नाही तर दोष आपला. ती पुढे झाली आणि म्हणाली, "तात्या, बाटली खराब निघालीय. बुचाचा वास लागलाय तिला."

बाहेर कुणीतरी दुचाकी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती, तेवढाच आवाज.

"काय बोलतेस?" तात्या म्हणाले. त्यांनी परत वास घेतला. "काही नाही. ठीक आहे."

"दुसरी उघडून बघू या का?"

"मी सांगतोय ना, ठीक आहे."

यानंतर सुनेनं गप्प बसायला हवं होतं, असं पुढे पुष्कळ जण म्हणाले. ती बसली नाही. तिनं दुसरी बाटली उचलली, बूच काढलं आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या रिकाम्या ग्लासात थोडी ओतली. "बाई, आता हा वास घ्या. मग पहिला घ्या."

बाईंनी नव्या ग्लासाचा वास घेतला, आणि त्यांचे डोळेच मोठे झाले. "अगंबाई!" त्या म्हणाल्या. मग त्यांनी पहिल्या ग्लासाचा वास घेतला आणि मान मागे घेतली. "शी! हे तर आमच्या शाळेचं सामानाचं कपाट आहे."

मग एकच गलका झाला. दुसरी बाटली हातोहात फिरली. दोन्ही ग्लास जवळजवळ धरल्यावर आंधळ्यालाही कळावं इतका फरक होता. दातांचे डॉक्टर म्हणाले, "मला शंका आलीच होती." सुनेनं तात्यांपुढेही दोन ग्लास ठेवले. तात्यांनी एकाचा वास घेतला. दुसऱ्याचा घेतला. परत पहिल्याचा. नाकपुड्या फुलल्या, भुवईही चढली, पण सुनेचं लक्ष त्यांच्या डोळ्यांकडे होतं. ते डोळे ग्लासाकडे नव्हते. ते टेबलाभोवतीच्या चेहऱ्यांवरून फिरत होते, कुठला ग्लास चांगला आणि कुठला वाईट, हे चेहऱ्यांवरून वाचत होते.



"सूनबाईचं बरोबर आहे," तात्या शेवटी म्हणाले. "हे बूच खराबच होतं. माझ्या लक्षात यायला हवं होतं." आणि त्यांनी बैठक पुढे चालवली. चांगल्या बारोलोबद्दल बोलले, गोष्टी सांगितल्या, लोकांना हसवलं. निघताना वकीलबाईंनी सुनेचा हात दाबला, पण बोलल्या काही नाहीत. तात्यांनी कोट घातला आणि सुनेची वाट न बघता एकटे घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. घरात त्यांनी सुनेशी बोलणं टाकलं. काही सांगायचं असलं तर बायकोला सांगायचे, सून समोर बसलेली असली तरी. "सूनबाईंना म्हणावं, दुकानाच्या किल्ल्या कपाटात आहेत." एरवी नुसतं 'सूनबाई' असायचं. त्याचं 'सूनबाईंना' झालं, तेव्हाच तिला कळलं की प्रकरण चांगलंच चिघळलंय.

तिचा नवरा दवाखान्यात एक्स-रे काढायचा. माणसांच्या आतलं सगळं त्याला दिसायचं, घरातलं मात्र कुणी सांगितल्याशिवाय कळायचं नाही. तो म्हणाला, "तू माफी मागून टाक ना."

"कशाबद्दल? खरं बोलल्याबद्दल?"

"चारचौघांत बोलल्याबद्दल."

हे मात्र तिला पटलं. ती माफी मागायला तयार होती. पण जे तिनं त्या डोळ्यांत पाहिलं होतं, त्याचं काय करायचं? ते तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. तात्यांनी इतके महिने जे जपलं, ते त्यांच्या पाठीमागे कुणापुढे मांडावं असं तिला वाटेना.

पुढच्या रविवारी दुपारी सगळे एकत्र जेवायला बसले. सासूबाईंनी मटणाचा रस्सा केला होता. मुद्दाम, वातावरण जरा निवळावं म्हणून. तात्यांनी एक चमचा तोंडात घातला आणि मिठाची डबी ओढली. एकदा घातलं. चाखलं. परत घातलं.

सासूबाईंचा बांध फुटला. "घाला, अजून घाला! समुद्र ओता त्यात! सरळ सांगा ना, तुझ्या हातचं आता गिळवत नाही म्हणून. मी बाहेरून डबा लावते तुमच्यासाठी."

"तसं नाही गं."

"मग कसं? थंडीपासून बघतेय मी. एक दिवस चांगलं म्हणाला नाहीत."

सुनेला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. तिनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "तात्या," ती म्हणाली, "त्या शुक्रवारी सगळ्यांसमोर बोलले, ते चुकलंच माझं. बाजूला बोलावून सांगायला हवं होतं. पण आता आईंना खरं सांगा. त्या बिचाऱ्या उगाच स्वतःला दोष देताहेत."

"काय खरं?" सासूबाई म्हणाल्या.

तात्यांनी चमचा खाली ठेवला. मुलगा काहीतरी बोलणार होता, त्याला सुनेनं टेबलाखालून पाय लावला.

"मला वास येत नाही," तात्या म्हणाले. "त्या तापापासून. कशाचाच. तुझ्या रश्श्याचा नाही, साबणाचा नाही, काही जळलं तरी नाही. पहिल्यांदा वाटलं सर्दी आहे, जाईल. गेली नाही."

सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. "म्हणजे माझ्या हाताला काही झालं नव्हतं?"

"तुझ्या हाताला काय व्हायचंय?"

"आणि इतके महिने मी रडत होते मोरीत जाऊन!" असं म्हणून त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता खरंच रडल्या, आणि मग इतक्या चिडल्या की ताट उचलून आत निघून गेल्या. थोड्या वेळानं बाहेर आल्या त्या लिंबू आणि मिरपूड घेऊन. "हे तरी लागतं का जिभेला?"

"लागतं."

"मग मिठाला हात लावायचा नाही यापुढे. रक्तदाब आहे तुम्हाला."

त्या दुपारी तात्या सुनेशी सरळ बोलले. दोघं मागच्या गच्चीत बसली होती, वाळत घातलेल्या चादरींच्या मधे. "तुला काय वाटलं, या भारी वाइन मी का भरल्या?" त्यांनी विचारलं. "हलकी पांढरी आता माझ्या तोंडात पाण्यासारखी जाते. आंबटपणा कळतो, बाकी काही नाही. पण बारोलो घेतली की ती तोंडात येते. हिरड्या आवळते. जीभ खरखरीत होते, मांजराच्या जिभेसारखी. तिचं वजन कळतं, दूध आणि पाणी यांत फरक कळतो तसं. घशाखाली ऊब उतरते आणि छातीत पसरते. तेवढंच उरलंय मला. म्हणून तीच मागवत राहिलो. दुकानाचा विचार केला नाही, स्वतःचा केला."

"आणि बैठकीत गुलाब, डांबर?"

"आठवणीतलं. त्या वाइनची ओळख जुनी आहे. न बघताही मित्राचा चेहरा सांगता येतो ना, तसं." त्यांनी समोरची चादर बाजूला सारली. "पण मित्र आजारी पडला तर ते आठवणीतून कळत नाही. दुकान विकून टाकावं म्हणतोय."

"विकायचं काय म्हणून?" सून म्हणाली. "आधी डॉक्टरकडे चला."

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात नळी घालून पाहिलं, तपासण्या केल्या. आत अडथळा काही नव्हता. तापानं वासाची नस दुखावली होती. काहींची सुधारते, काहींची नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू असे ठरावीक वास घेत बसायचा व्यायाम दिला. तात्या रोज खिडकीशी बसून लवंगेची बाटली नाकाला लावायचे, अगदी शहाण्या मुलासारखे. काही येत नव्हतं, पण नियम मोडला नाही.

दुकान मात्र थांबून चालणार नव्हतं. आठवड्याभरातच वाइन पुरवणाऱ्या कंपनीचा विक्रेता नमुन्याच्या बाटल्या घेऊन आला. सूट, टाय, चाकांची बॅग. त्यानं एक अमारोने ओतली. द्राक्षं तोडल्यावर महिनोन्‌महिने वाळवून मग तिची वाइन करतात, त्यामुळे ती दाट होते. तात्यांनी सवयीनं ग्लास फिरवला, नाकाजवळ नेला, आणि मग तो सुनेपुढे सरकवला. "वासाचं सूनबाई सांगेल," ते म्हणाले.

सुनेला पुस्तकात वाचलेला एकही शब्द आठवेना. ती वास घेत राहिली आणि म्हणाली, "मनुके. आणि... लहानपणी वडिलांच्या कपाटाचा वास यायचा, तसा काहीतरी."

"कपाटात काय असायचं?"

"कपडे. तंबाखूचा डबा."

"तंबाखू ओला की सुका?"

"ओला. डबा नवा उघडल्यावर असतो तसा."

तात्यांनी मान हलवली, घोट घेतला आणि तोंडात घोळवत राहिले. विक्रेता एकदा तिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. "वजन भरपूर आहे," तात्या म्हणाले, "पण मधे पोकळ आहे. सुरुवातीला ढोल वाजतो, शेवटी ऊब येते, मधे कुणी घरात नाही. ही दोन वर्षांत ढेपाळेल."

"वास तर इतका सुंदर आहे," सून म्हणाली.

"वास बघून लग्न करता येतं, संसार करता येत नाही."

त्यावरून दोघांचं चांगलंच वाजलं. तात्या म्हणाले, नको. सून म्हणाली, लोक आधी वासच घेतात, घेऊ या. शेवटी विक्रेत्यासमोर भांडण नको म्हणून थोडीशी घेतली. ती हातोहात संपली, आणि सुनेनं तात्यांना तसं दोनदा ऐकवलं. पण तिनं स्वतःसाठी ठेवलेली एक बाटली पुढच्या वर्षी उघडली, तेव्हा मनुके होते, तंबाखूही होता, आणि घोट मात्र तोंडात येऊन कुठेतरी हरवत होता. हे तिनं तात्यांना सांगितलं नाही. त्यांनी चेहऱ्यावरून ओळखलं असावं, कारण ते त्या दिवशी उगाचच शीळ वाजवत होते.

असं करत दोघांची एक पद्धत बसत गेली. ती वास सांगायची, तिच्या शब्दांत. ते उलट प्रश्न विचारायचे, वकील साक्षीदाराला विचारतो तसे. कुठल्या खोलीतला? ऊन होतं का? कच्चं की पिकलेलं? आणि मग तोंडातलं सगळं ते सांगायचे. वास गेल्यापासून त्यांचं तोंड जास्तच बारकाईनं बघायला लागलं होतं. तुरटपणा बारीक वाळूसारखा की जाड्याभरड्या कापडासारखा, हे ते पहिल्याच घोटात सांगायचे. पूर्वी इतकं लक्ष देत नव्हतो, असं त्यांनीच एकदा कबूल केलं. सुनेनं दाराजवळच्या फळ्यांवर हलक्या वाइन परत आणल्या. त्यांच्याबद्दल तात्या ब्र काढायचे नाहीत. "तुझा प्रांत," म्हणायचे.

लोकांना सांगायचं की नाही, यावर घरात पुष्कळ चर्चा झाली. मुलगा म्हणाला, कशाला उगाच? धंद्याचा प्रश्न आहे. सासूबाई म्हणाल्या, लपवून काय मिळालं ते बघितलं ना? पुढच्या बैठकीला सगळे बसल्यावर तात्या उभे राहिले आणि म्हणाले, "एक गोष्ट आधी सांगतो. माझं नाक गेलंय. जागेवर दिसतंय, पण कामाचं राहिलेलं नाही. मागच्या वेळी तुम्हाला जे गुलाब सांगितले, ते आठवणीतले होते. त्याबद्दल माफ करा. यापुढे वासाचं सूनबाई सांगेल. तोंडातलं मी सांगेन. ज्यांना चालणार नाही, त्यांचे पैसे परत."

दातांचे डॉक्टर पुढच्या महिन्यापासून आले नाहीत. आंधळ्यानं चित्रं दाखवावीत तसला प्रकार, असं ते कुठेतरी म्हणाल्याचं कानावर आलं. आणखीही दोघं-तिघं गळाले. तात्यांना लागलं ते. वकीलबाई मात्र त्या संध्याकाळी बैठक संपल्यावर मागे थांबल्या. "तात्या, मलाही त्या दिवशी पुठ्ठ्याचा वास आला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही गुलाब म्हणालात म्हणून गप्प बसले. कोर्टात साक्षीदारांना ज्यासाठी झाडते, तेच केलं."

"मग आता बोलत जा," तात्या म्हणाले. "मला गरज आहे."

त्याच बैठकीत तात्यांनी एक नवीनच खेळ काढला. बारोलो ओतून झाल्यावर म्हणाले, "आता सगळ्यांनी नाक दाबा. घट्ट. आणि एक घोट घ्या. मला जे लागतं, ते तुम्हाला लागू दे." टेबलाभोवती मोठमोठी माणसं चिमटीत नाक धरून बसली. "काय वाटतंय?"

"जीभ कोरडी पडली," कुणीतरी नाकातल्या नाकात म्हणालं. "गालांना ओढ बसतेय." "आंबट आहे." "गरम उतरलं."

"हेच तिचं अंग. आता नाक सोडा."

नाकं सुटली, आणि खोलीभर एक "आऽ" उठला. मुख्याध्यापिकाबाईही परत आल्या होत्या, या खेपेला स्वतःहून. त्या म्हणाल्या, "अहो, खोलीत एकदम दिवा लागल्यासारखं झालं!"

"नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण कुणा वाइनवाल्यानंच काढली असणार," तात्या म्हणाले, आणि त्या थंडीनंतर पहिल्यांदाच मनापासून हसले.

तो खेळ लोकांना इतका आवडला की ते मित्रांना घेऊन यायला लागले. खोली परत भरली. तात्या मात्र आता बैठक झाली की लवकर घरी जातात, आवराआवर सुनेवर सोडून. नाक काही परत आलं नाही. मधे एकदा काहीतरी जळाल्यासारखा वास आला म्हणून घरभर धावले, तेव्हा काहीच जळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, त्यावर विसंबू नका. लवंग, लिंबू चालू आहे.

रविवारी जेवणाआधी ते अर्धा ग्लास घेतात, त्यांची आवडती, भारीतली. सून वास सांगते, ते ऐकतात आणि मग घोट घेतात. परवा सुनेला सर्दी झाली होती. तिनं हात जोडले. नवरा कामावर होता. तात्या ग्लास हातात धरून नुसतेच बसले, तेव्हा सासूबाई ओले हात पदराला पुसत आल्या. "द्या इकडे, मी बघते."

"तुला काय कळणार?"

"नाक आहे मला." त्यांनी ग्लास दोन्ही हातांत धरला, संशयानं आत पाहिलं आणि वास घेतला. मग परत घेतला. "नव्या चपलांच्या दुकानात शिरल्यासारखं वाटतंय," त्या म्हणाल्या.

तात्या खुर्चीत पुढे सरकले. "चामड्याच्या की रबराच्या?"

"चामड्याच्या. महागातलं दुकान. आणि कुणीतरी आत्ताच फुलांचा हार काढून ठेवलाय गल्ल्यावर, कालचा, सुकलेला." त्यांनी ग्लास परत दिला. "घ्या आता पटकन. जेवण गार होतंय."